चौकात कोल्हा उभा करायचा असेल तर

प्रति,
मा. आयुक्त,
पनवेल महानगरपालिका

प्रत माहितीसाठी : उद्यान विभाग, सिडको

विषय : खारघरच्या बागांत आणि चौकांत उभ्या राहणाऱ्या प्राण्यांबाबत

महोदय,



पत्रास कारण की, बागांचं आणि चौकांचं सुशोभीकरण दर काही वर्षांनी निघतं, तसं ते खारघरमध्येही पुन्हा निघेल. अंदाजपत्रक तयार होईल. त्यात कुंड्या, बाकडी, पेव्हर ब्लॉक आणि रंगीत दिवे यांच्या खाली कुठेतरी एक ओळ येईल : प्राण्यांच्या प्रतिकृती, एफआरपी, अमुक नग. माझं सगळं म्हणणं त्या एका ओळीपुरतं आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला पोरं बसवण्यात उमर गेली. निसर्गचित्र, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द अजून झोपेतही तोंडात येतात. त्यामुळे पत्रात थोडी मास्तरकी डोकावेल, ती चालवून घ्यावी. प्राण्यांच्या पुतळ्यांना माझा विरोध आहे असं मात्र समजू नये. उलट ते आणखी हवेत असंच माझं मत आहे. ज्या नोडमध्ये एका चौकाचं नावच शिल्प चौक आहे, तिथे शिल्पं नकोत असं म्हणणारा मी कोण? प्रश्न एवढाच, की कोणता प्राणी, आणि तो कुणी, कशाकडे बघून घडवायचा.

आज हे कसं चालतं ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. निविदा निघते, सर्वांत कमी दराची उचलली जाते. ठेकेदाराकडे साचे तयार असतात. जिराफ, झेब्रा, कांगारू, डायनोसॉर, आणि भारतीय काहीतरी हवं म्हणून एक हरीण. साच्यातून ते एफआरपी, म्हणजे फायबर, काढायचं, वर ऑइलपेंट मारायचा, टेम्पोत घालून आणायचं, चार बोल्ट आवळायचे. एका शहरातल्या बागेत (कोणत्या ते लिहीत नाही, तिथल्या माळ्याचा त्यात काही दोष नाही) मी एक चितळ जवळ जाऊन पाहिलं. पोटाशी पाडस दूध पीत होतं आणि आईच्या डोक्यावर भलीमोठी शिंगं होती. चितळाच्या मादीला शिंगं नसतात. दोन वेगळे साचे जोडले, झालं. पाय पाहिले तर चारही टेबलाच्या पायांसारखे, वर-खाली एकाच जाडीचे. हरणाच्या मागच्या पायाला मध्येच जो मागे वळणारा कोन असतो, ज्यातून ते उडी घेतं, तो कुठे नव्हताच. ते हरीण जन्मात पळू शकलं नसतं.

हे मी खुसपटं काढायची म्हणून लिहीत नाही. वर्गातल्या पोरांनी स्मरणचित्रात अशाच गाई काढल्या की मी विचारायचो, अरे, गाय शेवटची कधी बघितलीस? बहुतेकांनी गाय बघितलेली असायची, पण काढताना त्यांच्या डोळ्यांसमोर असायची ती पाटीवरची, वहीच्या मुखपृष्ठावरची, आधी दुसऱ्या कुणी काढलेली गाय. शहरातल्या बागांचं नेमकं हेच झालं आहे. प्राण्याकडे बघून प्राणी कुणी करत नाही, प्रतिकृतीवरून प्रतिकृती निघते, आणि म्हणून निविदेतला तो शब्द मला फार प्रामाणिक वाटतो.

आता हे दुसऱ्या तऱ्हेनेही होऊ शकतं याचा पुरावा देतो. त्यासाठी युरोपला जायला नको. आपलं पनवेल ज्या रायगड जिल्ह्यात येतं त्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात, मांडव्याहून पुढे सासवणे नावाचं गाव आहे. तिथे विनायक पांडुरंग करमरकर यांचं घर आणि शिल्पालय आहे. लोक त्यांना नानासाहेब म्हणत. जन्म २ ऑक्टोबर १८९१, याच सासवण्यातला. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेलं चित्र तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी त्याला मुंबईला सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकायला धाडलं, ही गोष्ट अलिबागकडे अजून सांगतात. आयुक्त महोदय, इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. एका सरकारी अधिकाऱ्याने दौऱ्यावर असताना भिंतीकडे बघितलं आणि कुणी काढलंय हे विचारलं, बाकी सगळं त्यातून पुढे घडलं. आपल्या अखत्यारीत तर शेकडो भिंती आहेत.

पुढे करमरकर कलकत्त्याला गेले, तिथे स्टुडिओ केला, इंग्लंडला जाऊन शिकून आले. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, १९२८ सालचा. ब्राँझचा एवढा मोठा पुतळा त्यांनी तुकडे न जोडता एका ओतकामात केला, याचं त्या काळी सगळ्यांना अप्रूप वाटलं होतं. अश्वारूढ पुतळ्यात सगळे लोक आधी महाराजांच्या चेहऱ्याकडे बघतात, ते साहजिक आहे. पण शिल्पकाराचा घाम निघतो तो घोड्यात. घोड्याचा भार कोणत्या पायावर आहे, मान आखडलेली आहे की सैल, स्वाराने लगाम ओढला की जबड्याखाली कातडीला वळी कशी पडते, हे चुकलं तर वरचा राजाही बसल्यासारखा वाटत नाही, ठेवल्यासारखा वाटतो. आपल्या राज्यात अश्वारूढ पुतळ्यांना तोटा नाही. त्यातले किती घोडे खरे घोडे आहेत ते आपण येता-जाता एकदा बघा, जास्त लिहीत नाही.

पण माझा जीव अडकला आहे तो सासवण्यात. राजे-महाराजे, पुढारी यांचे पुतळे घडवणाऱ्या, १९६२ साली पद्मश्री मिळालेल्या या माणसाने आपल्या गावच्या घराच्या अंगणात काय घडवून ठेवलं? सिमेंटची म्हैस. चांगली खऱ्या मापाची. शिवाय गावच्या आसपास वावरणारी इतर जनावरं, कोळणी, खेड्यातली साधी माणसं. ही म्हैस कुठल्या कमिटीने मागवलेली नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी निविदाही निघाली नव्हती.

तिच्यासमोर आपण उद्यान विभागाच्या लोकांना घेऊन अर्धा तास उभं राहावं अशी माझी विनंती आहे. म्हैस हा शिल्पकाराला सोपा वाटणारा आणि फसवणारा प्राणी आहे. लांबून बघितलं तर काळा ढीग. जवळ गेलं की कळतं, कमरेची हाडं कातडीखालून दोन्ही बाजूंना वर आलेली असतात, दोन्हींच्या मधे पाठ खाली उतरते, मान धडातून सरळ पुढे येते आणि डोकं बहुतेक वेळा पाठीच्या रेषेवर चढतच नाही. हे हाड दाखवायचं, पण सांगाडा दिसू द्यायचा नाही, वर चरबीचं आणि कातडीचं वजन जाणवलं पाहिजे. हे करायला म्हैस कॅटलॉगात बघून भागत नाही. तिच्या अंगावर हात फिरवलेला असावा लागतो. करमरकरांचं बालपण अशा अंगणांत गेलं, आणि पुढे त्यांनी शरीररचना शास्त्रशुद्ध शिकून घेतली. एकातून हात आला, दुसऱ्यातून डोळा.

माध्यमाबद्दलही एक सांगतो, कारण खर्चाचा प्रश्न आपण काढणार हे मला माहीत आहे. संगमरवर किंवा ब्राँझ कुणी मागत नाही. करमरकरांनी या कामांसाठी सिमेंट वापरलं. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर सिमेंट-वाळूचा थर, तो पुरता वाळायच्या आत करणीने, चाकूने, बोटांनी केलेलं काम, आणि मग रोज पाणी मारणं. खारघरमध्ये असा एकही प्लॉट नसेल जिथे हे साहित्य आणि हे काम येणारे गवंडी नव्हते. अख्खं शहर याच वस्तूचं आहे. फायबरचं हरीण चार-पाच पावसाळ्यांत पोपडे धरतं, पायाशी फुटतं, मग आतली पोकळी दिसते आणि पोरं त्यात वेफर्सची पाकिटं कोंबतात. नीट केलेलं सिमेंटचं काम दोन पिढ्या टिकतं, सासवण्यात टिकलेलं आहे. निव्वळ हिशोबाच्या वहीतही म्हैस जिराफावर मात करते.

सासवण्याच्या थोडं पुढे किहीम. तिथे १९३० च्या सुमारास सालिम अली हे नोकरी नसलेले गृहस्थ झाडावरच्या सुगरणींच्या घरट्यांपुढे बसून नोंदी करत होते, आणि नर घरटं अर्धं विणून मादीला पसंतीसाठी दाखवतो, तिने होकार दिल्यावर पुढचं विणतो, हे जगापुढे मांडत होते. म्हणजे एकाच किनाऱ्याने पक्ष्यांचा अभ्यासकही पाहिला आणि जनावरांचा शिल्पकारही. दोघांचं भांडवल एकच, तासन्‌तास बघत बसण्याची तयारी. रायगडकर म्हणून आपण एवढं तरी मिरवायला हरकत नाही.

आपले खारघरकर रोज हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरतात. ती इमारत १८७८ ते १८८८ या काळात बांधली, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून, आणि २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे, हे पाटीवर लिहिलेलंच असतं. पाटी वाचताना जे सुटतं ते असं, की तिच्या दगडातलं बरंचसं कोरीवकाम ज. जी.च्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. या शाळेत आधी जॉन लॉकवूड किपलिंग आणि मग जॉन ग्रिफिथ्स यांनी शिस्तच घालून दिली होती, की इथल्या इमारतीवर इथलंच पान, फूल, पक्षी, जनावर कोरायचं. म्हणून तिथे मोर आहेत, माकडं आहेत, पानांच्या आडून डोकावणारे पक्षी आहेत. फाटकाच्या खांबांवर इंग्लंडचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ समोरासमोर बसलेत. इमारत इंग्रजांची, थाट गॉथिक, राज्य राणीचं, तरीही माकड इथलंच. साहेबाला जे सुचलं ते आपल्याला सुचू नये, हे जरा लागतं. आफ्रिकेचा जिराफ आणि ऑस्ट्रेलियाचा कांगारू यांचं आपल्या सेक्टरांशी नक्की नातं काय?

इथे कुणी म्हणेल, आम्ही भिंतींवर वारली चित्रं काढली आहेत की. काढली आहेत, आणि राज्यात जिथे-तिथे काढली आहेत, स्टेशनांवर, शौचालयांवर, तहसील कचेऱ्यांवर. तारपा वाजवणारा, भोवती माणसांची गोल रांग, कडेला एक ताड. छापा मारल्यासारखी. पण डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांची चित्रं मुळातून बघितलेला माणूस या भिंतींपुढे उभा राहू शकत नाही. लग्नाच्या चौकापुरती, बायकांच्या हातची ही कला त्यांनी कागदावर आणि कापडावर आणली. हस्तकला मंडळाकडून आलेल्या भास्कर कुलकर्णींनी सत्तरच्या दशकात ती बाहेरच्या जगाला दाखवली. २०११ ला म्हशेंना पद्मश्री मिळाली, २०१८ ला ते गेले. त्यांच्या चित्रात मासे धरायचं जाळं असेल तर त्या जाळ्याचा प्रत्येक डोळा काढलेला असतो. मुंग्या असतील तर शेकडो, आणि प्रत्येकीला कुठेतरी जायचं असतं. पान हललेलं दिसतं. हे त्रिकोण आणि रेघा शिकून येत नाही. ज्याने मुंग्यांची रांग उकिडवं बसून बघितली आहे त्यालाच ते येतं. आपण त्यांचे त्रिकोण घेतले आणि मुंग्या सोडून दिल्या.

तर मग खारघरमध्ये बघण्यासारखं आहे काय? याचं उत्तर देण्यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

पहिला मान कोल्ह्याला. आपल्या खाडीकाठी, खारफुटीच्या कडेने, गोल्फ कोर्सच्या बाजूने कोल्हे आहेत, सोनेरी कोल्हे. संध्याकाळी उशिरा त्यांची कुई ऐकू येते आणि नव्याने राहायला आलेली मंडळी सोसायटीच्या ग्रुपवर विचारतात, हे काय ओरडतंय? मुंबई आणि नवी मुंबईच्या खारफुटीत हा प्राणी खेकडे, मासे, उंदीर आणि आपण टाकलेलं खरकटं यांवर तग धरून आहे. आता समजा आपण ठरवलं, की खारघरच्या एका चौकात कोल्हा उभा करायचा. साचेवाला काय आणून देईल ते मी आजच सांगतो : लालभडक अंगाचा, शेपटीचं टोक पांढरंशुभ्र असलेला, धूर्त हसणारा. तो विलायती गोष्टींच्या पुस्तकातला लाल खोकड. आपला कोल्हा मळकट सोनेरी, पाठीवर काळे-पांढरे केस मिसळलेले, पाय उंच आणि सडपातळ, शेपटी आखूड आणि तिचं टोक काळं. तो हसतबिसत नाही. त्याच्या चालण्यात एक घाई असते, दुडकी चाल, डोकं खाली, कान मात्र सतत फिरते. माणूस दिसला की पळत सुटत नाही, थोडा थांबतो, तिरका होतो, अंदाज घेतो, आणि झाडीत शिरतो. शिल्पकाराने पकडायचा तो हा तिरका क्षण. तोंड आपल्याकडे, अंग पलीकडे निघालेलं. ज्याने तो पाहिला नाही त्याला ते सुचणार नाही. (जवळ जायला मात्र कुणी जाऊ नये. कोल्ह्यांना रेबीज होतो. दुर्बीण पुरे.)

दुसरी निवटी. आयुक्त महोदय, आपल्या कार्यालयात बेलपाडा, मुर्बी, ओवे, कोपरा या गावांतलं कुणी आगरी माणूस काम करत असेल तर त्याला विचारा, तो पानावरच्या निवटीबद्दल अगोदर सांगेल आणि चिखलातल्या निवटीबद्दल नंतर. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की ही बोटभर-वीतभर मासळी पाण्याबाहेर येते आणि पुढच्या दोन परांवर रेटा देत चिखलावरून चालते. डोळे डोक्याच्या वर, दोन फुगीर मण्यांगत, आणि ती मधूनच ते खोबणीत ओढून ओले करून घेते. पाठीवरचा पर एकदम उभा करते, दुसरी निवटी हद्दीत आली की तोंड उघडून अंगावर धावते. अंग ओलं असेल तोवर कातडीतूनही श्वास घेते, म्हणून मधेच कूस बदलून लोळते. हा एवढा गमतीचा प्राणी शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि खारघरच्या इंग्रजी शाळांमधल्या पोरांना डॉल्फिन काढता येतो, निवटी येत नाही. कुणी चांगल्या शिल्पकाराने एक निवटी दहापट मोठी करून, पोरांना पाठीवर बसता येईल अशी, स्टेशनबाहेर किंवा एखाद्या बागेत ठेवली तर तिच्यापुढे डायनोसॉरचं काही चालणार नाही, याची हमी मी देतो.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. फ्लेमिंगो शेजारच्या महापालिकेने आधीच आपला केला आहे, त्यांनाच राहू दे. पण कधी आपल्याकडेही करायचाच झाला तर दोन गोष्टी बघाव्यात. पायाच्या मधोमध मागे दुमडतो तो गुडघा नव्हे, घोटा. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. त्यामुळे माणसासारखा पुढे दुमडलेला पाय आला की पक्षी मोडलाच. आणि तो चोच उलटी करून, डोकं खाली धरून पाणी गाळून खातो, तेव्हा नेहमीची ती इंग्रजी एस अक्षराची मान सोडून चरणारा फ्लेमिंगो कुणीतरी एकदा तरी करावा. मोकळ्या माळावरची टिटवी, पांडवकड्याच्या बाजूला पावसाळ्यात शीळ घालणारा कस्तूर, पहिल्या पावसात बिळातून बाहेर पडणारे मुठे, ही यादी मी हवी तेवढी लांबवू शकतो. आणि ओवे-मुर्बीकडून अजून चरायला येणाऱ्या म्हशी आहेतच.

हे सगळं कोकणात नवीन आहे अशातलाही भाग नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, जांभ्या दगडात, कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी प्राणी कोरून ठेवलेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी ही कातळशिल्पं सडे पालथे घालून शोधली, नोंदवली. २०२२ ला ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीला एक प्रचंड हत्ती आहे, त्याच्या बाह्यरेषेच्या आत आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. आज त्या भागात हत्ती नाही, आणखी एका ठिकाणी कोरलेला गेंडाही नाही. पण त्यांच्या सोबत मासेही आहेत, आणि ते मासे ओळखू येतात, शेपटीवाला पाकट तर लगेच. त्या माणसाने जे आसपास होतं ते कोरलं. त्याला साचा मिळाला नसावा.

यातून आपल्या खात्याच्या दृष्टीने एक अडचणीचा मुद्दा निघतो, तो लपवत नाही. शिल्पकाराने जिवंत प्राण्याकडे बघून काम करावं असं म्हटलं की तो प्राणी जिवंत आणि जागेवर असावा लागतो. खारफुटी तोडून, पाणथळ भरून मग त्या जागेवर कोल्ह्याचा पुतळा बसवला तर आपण शिल्पकाराचं मॉडेलच मारून टाकलं. चित्रकला महाविद्यालयात मॉडेलला मानधन देतात, बसायला स्टूल देतात, मधे चहा देतात. कोल्ह्याला आणि निवटीला एवढंच हवं, की ओहोटीचा चिखल आणि त्याच्या कडेची झाडी यांवर डेब्रिज पडू नये. ही जबाबदारी एकट्या आपली नाही, कांदळवन कक्ष आहे, सिडको आहे. पण पुतळ्याचं बजेट आणि पाणथळाची फाइल एकाच टेबलावर यावी, एवढं आपण नक्की करू शकता.

आता कामाचं. माणसं कुठून आणायची? पेण गाडीने तासा-सव्वा तासावर आहे, तिथल्या गणपती कारखान्यांत मातीत हात चालणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उंदराच्या मिशा आणि हत्तीच्या सोंडेच्या वळ्या त्यांच्याइतक्या कुणी केलेल्या नाहीत. त्यांना गणेशोत्सवानंतरचे महिने तुलनेने मोकळे असतात. ज. जी. मुंबईत आहे. आपल्या नोडमध्येच निफ्ट आहे, तिथल्या मुलांना वर्षाचे प्रकल्प करायचेच असतात. डोंगरावरच्या फणसवाडी, चाफेवाडी या पाड्यांवरची माणसं जनावरांचा माग, पावलं, सवयी आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ओळखतात. शिल्पकाराला त्यांच्यासोबत फिरवावं, आणि त्या माणसांना त्या दिवसांचा रोज द्यावा, फुकट वाटाड्या म्हणून वापरू नये. निविदेत एक कलम घालता येईल, की निवड झालेल्या कलावंताने आधी प्रत्यक्ष पाहून केलेली रेखाटनं सादर करावीत आणि मातीचा छोटा नमुना एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावा. कमीत कमी दर ही अट पेव्हर ब्लॉकला लावावी, पुतळ्याला लावू नये. नियमात बसत नाही असं कुणी म्हणालं तर ठराविक रकमेत कलावंतांची स्पर्धा घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, तिचा शोध घ्यायला सांगावं.

आणि पुतळा बसवाल तेव्हा चौथऱ्यावर चढवू नका. कोल्हा माणसाच्या डोक्याच्या वर उभा राहिलेला कुणी पाहिला आहे? तो जमिनीवर, गवतात, पोराच्या छातीइतका. भोवती स्टीलची रेलिंग नको. पोरं चढणार, पाठ घासून गुळगुळीत करणार, करू देत. शेजारी छोटी पाटी लागेल. तिच्यावर प्राण्याचं नाव मराठीत, आगरी मंडळी वेगळं म्हणत असतील तर तेही, तो कुठे दिसतो, आणि ज्याने घडवला त्याचं पूर्ण नाव. नगरसेवकांची, सभापतींची आणि आपली नावं पलीकडच्या बाजूला घातली तरी माझी हरकत नाही.

लोकांना म्हैस आवडेल का, सेल्फीला जिराफच लागतो, असा एक आक्षेप मला इथल्याच एका ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर ऐकवला गेला. त्यांना मी विचारलं, उत्सव चौकाचे खांब तुम्हाला आवडतात का? कुणी हो म्हणालं, कुणी नाही. पण पत्ता सांगताना सगळे तोच सांगतात. चांगलं घडवलेलं काहीही पत्त्यात येतं. "निवटीपासून डावीकडे" असं रिक्षावाल्याला सांगायला मला तरी आवडेल.

सासवण्याला जायचं ठरलं तर गाडी पनवेल-पेण-वडखळ करत न्यावी, म्हणजे पेणही होईल. घाई असेल तर मुंबईहून मांडव्याला बोट आहे. सोबत खात्यातला इंजिनिअर घ्या, कारण सळई कुठे, किती जाडीची आणि थर कसा, हे प्रश्न त्याला पडतील, मला पडत नाहीत. चित्रं काढणारं कुणी सोबत हवं असेल तर मी येईन, प्रवासभत्ता नको. आणि निविदेचं ते कलम मराठीत लिहून हवं असेल तर तेही लिहून ठेवलं आहे, आपण मागितल्यास कार्यालयात आणून देतो. आवक-जावकच्या खिडकीवर शिक्का मारून घेईन, एवढी सवय मला आहे.

कळावे,

आपला,
खारघरचा एक रहिवासी, निवृत्त चित्रकला शिक्षक